मांजराची झोळी आणि तांब्याचा पत्रा

विज्ञानाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात ‘चमत्कार’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. देवळांतून आणि बुवांच्या मठांतून हा शब्द हद्दपार व्हावा म्हणून ज्यांनी लेखण्या झिजवल्या, त्यांच्याच वारसांनी तो सन्मानाने प्रयोगशाळेत नेऊन बसवावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. गेल्या वीस वर्षांत या शब्दाचा भडिमार ज्या पदार्थांवर झाला, त्यांत ग्राफीनचा नंबर फार वर लागेल. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, शाळेच्या बक्षीससमारंभात, मोटारीला पॉलिश करणाऱ्याच्या दुकानात, जिथे पाहावे तिथे हा ‘चमत्कारी पदार्थ’ हजर. आणि त्याच्याबरोबर एक गोष्टही हजर. पुष्कळांनी ती ऐकली असेल. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

पेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक रचलेले थर. प्रत्येक थरात अणू मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनात बसलेले. थरातल्या अणूंची मिठी घट्ट, पण थराथरांमधली ओढ ढिली. म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर असतात. त्यांतला एक, फक्त एकच, सुटा काढला की त्याचे नाव ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह यांनी साधी चिकटपट्टी ग्राफाइटला लावली, ओढली, दुमडून पुन्हा ओढली, आणि असे करता करता एकच थर हाती लागला. २००४ साली त्यांनी ते जगाला सांगितले, २०१० साली दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोष्ट संपली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग शेपूट म्हणून मांजर येते. नोबेल समितीने पारितोषिकाबरोबर जे शास्त्रीय टिपण काढले, त्यात एक हिशेब होता. ग्राफीनची एक चौरस मीटरची झोळी दोन झाडांना टांगली, तर तिच्यात ४ किलो वजनाचे मांजर खुशाल झोपू शकेल. आणि त्या झोळीचे स्वतःचे वजन भरेल ०.७७ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच मांजराच्या मिशीच्या एका केसाएवढे. हिशेब खोटा नाही. पण त्यात एक ‘जर’ आहे: झोळी निर्दोष असली तर. एका अणूचीही जागा चुकलेली नाही, कुठे फट नाही, सुरकुती नाही, अशी असली तर. सांगता सांगता हा ‘जर’ गळून पडतो आणि मांजर तेवढे उरते.

माझे भांडण गाइम-नोव्होसेलोव्ह यांच्याशी नाही. त्यांचे पारितोषिक त्यांना लखलाभ असो. भांडण आहे ते ही गोष्ट अशी अर्धी सांगणाऱ्यांशी. कारण ऐकणाऱ्या पोरांपैकी एखादे चलाख पोर हटकून विचारील, ‘गुरुजी, ही एक चौरस मीटरची झोळी आणायची कुठून?’ आणि गुरुजींजवळ उत्तर नसेल. चिकटपट्टीतून ती येत नाही. चिकटपट्टीने निघतो तो कपचा साधारण केसाच्या जाडीच्या आसपासचा; तोही कुठे पडला आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास धुंडाळावे लागते. मोठे ग्राफीन ओरबाडून निघत नाही, ते वाढवावे लागते: धातूच्या पत्र्यावर, हजार अंशांच्या भट्टीत, वायूतून एकेक अणू आणून. परिभाषाकोशात शोभेल असे ‘रासायनिक बाष्प निक्षेपण’ हे त्याचे भारदस्त नाव. काम करणारे मात्र इंग्रजी आद्याक्षरे घेऊन सीव्हीडी म्हणतात. या भट्टीची गोष्ट आमच्याकडे सहसा सांगितली जात नाही. का सांगितली जात नाही, हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

खरे पाहता धातूवरचे ग्राफीन हे चिकटपट्टीच्या ग्राफीनपेक्षा वयाने वडील आहे. १९६० च्या दशकात प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून तो कसा परततो हे पाहणाऱ्या संशोधकांना, त्या चित्रात काही अनोळखी खुणा दिसू लागल्या. १९६९ साली जॉन मे यांनी त्यांचा अर्थ लावला: ही प्लॅटिनमवर बसलेली ग्राफाइटची एकपदरी चादर आहे. १९७० च्या दशकात निकेलवरही अशीच चादर आढळली. तिला ग्राफीन हे नाव नव्हते. ते १९८६ साली ठरले. आणि त्या काळी या चादरीची प्रतिष्ठा किती? तर घाणीइतकी. प्लॅटिनम हा खनिज तेलाच्या शुद्धीकरणात वापरला जाणारा उत्प्रेरक. त्यावर कार्बन बसला की त्याचे काम मंदावते. म्हणून कार्बनचा थर ही जाळून टाकण्याची वस्तू होती, जपून ठेवण्याची नव्हे. गाइम यांनी स्वतः पुढे या पूर्वसूरींचा इतिहास लिहून त्यांचे ऋण मान्य केले आहे. ऋण बुडवले ते आपल्या कथेकऱ्यांनी.

आता धातूकडे वळू. कारण या गोष्टीचा नायक कार्बन नसून धातू आहे, असे माझे म्हणणे आहे.

२००८-०९ च्या सुमारास अमेरिकेत आणि कोरियात काही गटांनी निकेलवर ग्राफीन वाढवून दाखवले. निकेलचा स्वभाव पाकासारखा आहे. गरम पाकात साखर विरघळून बसते. पाक निवला की ती पुन्हा दाणे धरून वर येते, आणि ज्या सुगरणीचा पाक एकदा असा फसला आहे तिला हे जास्त सांगायला नको. तापलेल्या निकेलमध्ये कार्बन असाच विरघळतो आणि निवताना पृष्ठभागावर येऊन थर धरतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत करड्या बिडाचे ओतीव काम करणाऱ्यालाही ही रीत परकी नाही. बिडातले ग्राफाइटचे पापुद्रे याच वाटेने बाहेर पडलेले असतात. अडचण अशी की पाकातून साखर मोजून बाहेर काढता येत नाही. कुठे एक थर, कुठे चार, कुठे दहा. निवण्याचा वेग थोडा चुकला की सगळे गणित फिसकटले.

तांब्याचा स्वभाव उलटा. तांबे कार्बनला पोटात जवळजवळ घेतच नाही. टेक्सास विद्यापीठात रॉडनी रुऑफ यांच्या गटाने, आणि त्यांच्याबरोबर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लुइगी कोलंबो यांनी, हा उणेपणाच गुण म्हणून वापरला. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की तांब्याच्या पातळ पत्र्यावर मिथेन सोडला असता ९५ टक्क्यांहून अधिक भागावर ग्राफीनचा एकच थर येतो, आणि तोही सेंटिमीटरांच्या मापात. कारण साधे आहे. मिथेनचा रेणू फोडायला तापलेले तांबे लागते. त्याच्या अंगावर आलेला रेणू फुटतो, हायड्रोजन उडून जातो, कार्बन पृष्ठभागावर फिरत फिरत कुठल्यातरी बेटाच्या काठाला जाऊन चिकटतो. बेटे वाढतात, एकमेकांना भिडतात. सगळे तांबे झाकले गेले की नव्या रेणूला फुटायला जागाच राहत नाही, आणि काम आपोआप थांबते.

पण हे असेच घडते कशावरून? इथे मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. कार्बनचे दोन स्थिर भाऊ आहेत, एक १२ वजनाचा, दुसरा १३ वजनाचा. रसायनदृष्ट्या दोघे सारखेच. फक्त दुसरा किंचित जड, म्हणून त्याचे कंपन किंचित मंद. टेक्सासच्या गटाने भट्टीत आळीपाळीने कधी साध्या कार्बनचा, कधी जड कार्बनचा मिथेन सोडला. नंतर पत्र्यावर प्रकाशाचा झोत टाकून, विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती सरकला हे बिंदूगणिक मोजले. रंग सरकण्याचा हा परिणाम १९२८ साली कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शोधला. आज जगात कुठेही ग्राफीन खरे की खोटे, एकपदरी की अनेकपदरी, हे पाहायचे तर रामन यांचाच दरवाजा ठोठवावा लागतो. (आपल्या कथेकऱ्यांना चिकटपट्टी आठवते, रामन आठवत नाहीत!) तर काय दिसले? निकेलवर दोन्ही कार्बन सरमिसळ. पोटात एकत्र विरघळून बाहेर आलेले, तेव्हा दुसरे काय होणार? तांब्यावर मात्र झाडाच्या खोडात वर्षवलये असावीत तशी वलये, एक हलके, एक जड, पुन्हा एक हलके. कोणता अणू कोणत्या मिनिटाला येऊन बसला याची नोंदच जणू पत्र्यावर उमटलेली. निकेल आतून बाहेर टाकते आणि तांब्यावर ते वरच्या वर वाढते, हा वाद त्या वलयांनी मिटवला.

आता भट्टीतले काम पाहा. क्वार्ट्झची पारदर्शक नळी, तिच्याभोवती विजेची भट्टी, एका टोकाला वायूंच्या टाक्या, दुसऱ्या टोकाला हवा उपसणारा पंप. आत तांब्याचा पत्रा, जाडी २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. दिवाळीच्या आधी बंबाला चिंच-मीठ लावून तो लखलखीत करणारी घरची बाई जे करते, तेच इथे व्हिनेगरमधल्या आम्लाने करतात: तांब्यावरचा काळपट ऑक्साइड उतरवतात. मग हायड्रोजनच्या प्रवाहात तापमान १००० अंशांच्या आसपास नेतात. तांबे १०८५ अंशांना वितळते, तेव्हा हे जवळजवळ उंबरठ्यावर उभे राहणे आहे. मिथेन सोडण्यापूर्वी तांब्याला काही वेळ नुसते तापू देतात, आणि या नुसत्या तापण्यात पुष्कळ काही घडते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ठाऊक आहे की ठोकून ठोकून तांबे कडक होते, आणि त्याला पुन्हा मऊ करायचे तर विस्तव दाखवावा लागतो. रुळांतून लाटून काढलेल्या पत्र्याचीही तीच गत. उष्णता मिळाली की धातूतले विस्कटलेले बारीक दाणे जाऊन मोठे दाणे तयार होतात. वर ग्राफीन कसे येणार हे बऱ्याच अंशी खालचे तांबे ठरवते.

किती ठरवते? दोन बहिणींनी अंगणाच्या दोन कोपऱ्यांतून ठिपक्यांची रांगोळी सुरू करावी, आणि दोघींचे ठिपके एका रेषेत नसावेत. मध्यावर दोन्ही रांगोळ्या भेटल्या की सांधा वेडावाकडा येणारच. तांब्यावरच्या बेटांचे असेच होते. २०११ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हे सांधे अणूगणिक पाहिले आणि अशा पत्र्याला चक्क ठिगळांची गोधडी म्हटले. पण अंगणात आधीच एकच ठिपक्यांचा कागद अंथरला असेल, तर दोघीच काय, दहाजणी बसल्या तरी रांगोळी एक. चीनमध्ये पेकिंग विद्यापीठाच्या गटाने हा कागदच तयार केला. त्यांनी बाजारात मिळणारा तांब्याचा पत्रा तापवून तापवून त्याचा अखंड एकच स्फटिक बनवला आणि २०१७ साली ५ सेंटिमीटर रुंद व ५० सेंटिमीटर लांब ग्राफीन २० मिनिटांत वाढवून दाखवले. कार्बनकडे नव्हे, तांब्याकडे लक्ष दिल्याचे हे फळ आहे.

एवढे सांगितल्यावर चमत्काराचे कैवारी काय म्हणतात ते मला पाठ आहे. ‘अहो, हे सगळे ठीक आहे, पण ही कारागिरी झाली. शोध तो शोध. पुढचे काम उत्पादनाचे.’ हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे, पण त्याच्या पोटात आपला एक जुना रोग आहे. डोक्याचे काम वरचे आणि हाताचे काम खालचे. विचार करणारा ओसरीवर बसणार आणि विस्तवाशी झटणारा आळीत राहणार. तांबटाला आपण शेकडो वर्षे जिथे ठेवले, तिथेच आता भट्टीपाशी उभ्या असलेल्या संशोधकाला ठेवू पाहतो. आणि वर विचारतो, आमची पोरे प्रयोगशाळेत का रमत नाहीत! तुम्ही त्यांना सांगितले की विज्ञान म्हणजे एका सायंकाळी सुचलेली युक्ती. ते पोर पुढे महाविद्यालयात जाते, भट्टीपुढे बसते, तोच प्रयोग चाळीस वेळा करते आणि चाळीस वेळा निराळे उत्तर येते. त्याला वाटते, आपल्यात काही कमी आहे. आपल्याला ती सायंकाळ काही लाभत नाही.

हे निराळे उत्तर येणे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. २००९ नंतर जगभर तीच कृती वाचून तेच वायू, तेच तापमान, तोच पत्रा घेणाऱ्या प्रयोगशाळांना एकसारखे ग्राफीन मिळेना. दोष कुणाचा? २०१३ साली रुऑफ, कोलंबो आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेम्स होन यांच्या गटांनी दाखवले की तांब्यावर थोडा प्राणवायू असेल तर बेटे कमी पडतात, म्हणून एकेक बेट सेंटिमीटरभर वाढू शकते. म्हणजे प्राणवायू मित्र ठरला. पण २०२४ साली त्याच होन यांच्या गटाने, मॉंट्रियलच्या रिचर्ड मार्टेल यांच्या गटाला बरोबर घेऊन, दुसरी बाजू उघड केली. वायूंच्या टाकीतून, नळ्यांच्या सांध्यांतून, नकळत शिरणारा प्राणवायूचा लेश हाच या साऱ्या लहरीपणामागचा मोठा गुन्हेगार होता. तो ग्राफीनची वाढ रोखतो आणि वाढलेले कुरतडतोही. तो जवळजवळ पूर्ण हटवला तेव्हा ग्राफीन भराभर वाढले, दर वेळी सारखे वाढले आणि गुणाने चिकटपट्टीच्या कपच्याच्या तोडीचे उतरले. पंधरा वर्षे! कृतीत कुठेही न लिहिलेला एक पाहुणा पंधरा वर्षे पंगतीत बसत होता, आणि त्याला ओळखणे ही तुमच्या मते कारागिरी. मग शोध कशाला म्हणायचे?

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मानतो. प्लॅटिनमवर ती चादर दशकानुदशके पडून होती. तिच्यात एवढे काही आहे हे कुणाला सुचले? ते दाखवले चिकटपट्टीने. पाहावे कुठे हे तिने शिकवले. आजही अतिशय नाजूक प्रयोगांत पुष्कळदा चिकटपट्टीचाच कपचा वापरतात. २०१८ साली ग्राफीनचे दोन थर एकमेकांशी सुमारे १.१ अंशाने पिळून त्यांतून विरोधाशिवाय वीज वाहवण्याचा जो प्रयोग गाजला, तो अशाच कपच्यांचा. मी चिकटपट्टी विसरा म्हणत नाही. तिच्यापाशी थांबू नका म्हणतो.

चमत्काराचा दुसरा भाऊबंद म्हणजे ‘आमच्याकडे हे पूर्वीपासूनच होते’ हा. दिव्याच्या ज्योतीवर तांब्याची वाटी धरून आजी काजळ पाडीत असे, तेव्हा तिने नकळत ग्राफीनच केले, असे एक सद्‌गृहस्थ मला ठासून सांगत होते. काजळी हाही कार्बनच, वाटीही तांब्याची. तेव्हा मोह समजू शकतो. पण काजळी म्हणजे अपुऱ्या जळण्यातून उडालेले बारीक गोळे, वाटीच्या थंड पाठीवर नुसते येऊन बसलेले. ती वाटी तिथे निमित्तमात्र. तिच्या जागी मातीची पणती चालली असती. ग्राफीनला तांबेच लागते, लालभडक तापलेले लागते, आणि भोवती हवा चालत नाही. आजीच्या काजळाला जे मोल आहे ते त्याला काजळ म्हणूनच आहे. त्याला खोटे बिरुद चिकटवल्याने आजी मोठी होत नाही.

आणि चमत्कार म्हटला की मागून गंडेदोरे विकणारा येतोच. भाच्याने नवी मोटार घेतली तेव्हा मी त्याच्याबरोबर एका दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, ‘काका, ग्राफीनचं कोटिंग करून घ्या. जगातला सगळ्यांत मजबूत पदार्थ आहे.’ मी विचारले, ‘यात थर किती असतात?’ तो म्हणाला, ‘तुम्ही म्हणाल तेवढे. तीन कोट मारले की पाच वर्षं बघायला नको.’ भाचा माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘मामा, पुरे.’ त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्या बाटलीवर जे छापले होते तेच तो वाचत होता, आणि बाटलीवर जे छापले होते ते आमच्याच पुरवण्यांतून उचललेले होते. २०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी जगभरच्या ६० कंपन्यांचा ग्राफीन म्हणून विकला जाणारा मालच तपासला. ही ग्राफाइट सोलून केलेली पूड, भट्टीतला पत्रा नव्हे. दहा थरांपर्यंतच्या तुकड्यालाही ग्राफीन म्हणायची मुभा दिली, तरी बहुतेकांच्या मालात खरे ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघाले. अर्ध्याच्या वर एकाचाही माल गेला नाही. उरलेले ग्राफाइट. म्हणजे पेन्सिलीचीच पूड, सोन्याच्या भावाने. चांगल्या मालापासून चांगली वस्तू करू पाहणारा प्रामाणिक उद्योजकही यात भरडला जातो. त्याची वस्तू फसली की नाव ग्राफीनचे बद्दू होते.

याच्या उलट हिऱ्याकडे पाहा. यंदाच्या दिवाळीत अनेक घरांत प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची कुडी आली असेल. सुरतेत असे हिरे मोठ्या प्रमाणावर होतात, आणि त्यांची एक रीत म्हणजे हीच सीव्हीडी. वायू तेच, मिथेन आणि हायड्रोजन. फक्त तांब्याच्या जागी हिऱ्याची पातळ चकती आणि भट्टीच्या जागी सूक्ष्मलहरींनी पेटवलेला वायू. तिथे आपण किती सावध असतो! वजन विचारतो, प्रमाणपत्र मागतो, घडणावळीवर वाद घालतो. पेढीवर कुणी ‘हा चमत्कारी हिरा आहे’ म्हणाला, तर आपण पाकीट खिशात घालून बाहेर पडू. त्याच कार्बनच्या दुसऱ्या लेकराविषयी मात्र कुणीही काहीही सांगावे आणि आपण मान डोलवावी.

राहता राहिला शेवटचा टोमणा. युरोपने २०१३ साली ग्राफीनसाठी दहा वर्षांची एक अब्ज युरोची योजना काढली. कोरियातील गटाने २०१० सालीच ३० इंची पडदा रुळांवरून काढून दाखवला होता. मग ती झोळी आहे कुठे? चमत्कार म्हणून ज्यांनी डोक्यावर घेतले, तेच आता ‘फुसका बार’ म्हणून हसतात. चमत्कार लगेच घडला पाहिजे, नाहीतर तो ढोंग: भक्ताला तिसरी वाट ठाऊक नसते. उत्तर मात्र अगदी जमिनीवरचे आहे. तांब्यावर ग्राफीन वाढवता येते, पण काम तांब्यावर नसते. ते उचलून काचेवर, प्लॅस्टिकवर, सिलिकॉनवर न्यावे लागते. मिलिमीटरच्या तीस लाखाव्या भागाएवढी जाडी असलेली वस्तू उचलायची कशी? तिच्यावर एका पारदर्शक प्लॅस्टिकचा लेप देतात, मग खालचे तांबे रसायनात विरघळवून टाकतात, पाण्यावर तरंगणारा पापुद्रा नव्या पत्र्यावर झेलतात आणि लेप धुऊन काढतात. भट्टीतून निवताना तांबे आकसते आणि ग्राफीन आकसत नाही, म्हणून सुरकुत्या आधीच पडलेल्या. त्यात झेलताना फाटते, लेपाचे डाग राहतात, तांब्याचे कण राहतात. गोधडीचे सांधे कच्चे असतात असे आधी वाटले होते. २०१३ साली होन यांच्याच गटाने दाखवले की नीट जुळलेले सांधे अखंड ग्राफीनच्या जवळपास बळकट असतात. त्यांना कच्चे केले होते ते उचलण्याच्या कृतीने. तांबे विरघळवणारे रसायन बदलले, हवेत भाजण्याची पायरी गाळली, आणि बळ परत आले.

त्यात खर्चाचा हिशेब पाहा. एक चौरस मीटर ग्राफीनचे वजन ०.७७ मिलिग्रॅम. त्याच्याखालच्या २५ मायक्रॉन जाडीच्या तेवढ्याच तांब्याचे वजन सुमारे २२४ ग्रॅम. मांजराची एक झोळी विणायची तर तिच्या जवळजवळ तीन लाख पट वजनाचे तांबे विरघळवायचे. अमोनियम परसल्फेटच्या द्रावणात ते विरघळते तेव्हा पाणी हळूहळू मोरपंखी निळे होत जाते, आणि त्या निळ्या पाण्याची विल्हेवाट हाही एक वेगळा खर्च. म्हणून आता काहीजण तांबे न गमावता ग्राफीन सोडवतात. पत्रा विजेच्या ऋण टोकाला जोडून क्षारद्रावणात बुडवला की पाण्यातून सुटणाऱ्या हायड्रोजनचे बारीक बुडबुडे ग्राफीन आणि तांबे यांच्यामध्ये शिरतात आणि एका कडेपासून पापुद्रा अलगद उचलू लागतात. तांबे मागे राहते. थोडे झिजलेले, पण शाबूत. ते धुऊन, आम्लाने उजळून, पुन्हा भट्टीत ठेवता येते.